डबल बासचा सोलो, साथीला पियानो: डाव्या हाताचं करायचं काय?

पांढरी_चार (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या सभागृहात पाऊण तासाचा कार्यक्रम आहे. डबल बासवर सोलो आणि साथीला पियानो. साथ माझ्याकडे आहे. व्हायोलिन आणि गाण्याला साथ करायची सवय आहे, बासला नाही.

कार्यक्रम असा: हेन्री एक्ल्सची जी मायनरमधली सोनाटा (मूळ व्हायोलिनची), सँ-साँसचा 'हत्ती', कुसेवित्स्कीच्या कन्चेर्टोचा पहिला भाग आणि शेवटी भैरवीतलं एक भजन.

साधनं: भिंतीला लावलेला जुना अपराइट पियानो. ट्यूनरच्या ॲपवर मधलं सप्तक साधारण ३० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली दाखवतं, म्हणजे ए ४४० ऐवजी ४३२ च्या आसपास. दुसरा पर्याय ६१ पट्ट्यांचा टच-सेन्सिटिव्ह कीबोर्ड. सभागृह पन्नास बाय पंचवीस फूट, वर टिनाचं छत, खाली शहाबादी फरशी, लाकडी स्टेज आतून पोकळ.

पहिल्या तालमीचं मोबाइलवर रेकॉर्डिंग ऐकलं. मी थांबले की बास ऐकू येतो, मी सुरू झाले की तो घरघरीत विरतो. मी खूप हळू वाजवून पाहिलं. त्यानं साथ निर्जीव झाली, पण बास काही स्वच्छ झाला नाही.

तीन प्रश्न आहेत. डाव्या हातातलं नेमकं काय काढायचं? कुसेवित्स्कीत बास वाजवणाऱ्यांच्या कागदावर ई मायनर आणि माझ्या कागदावर एफ शार्प मायनर आहे, हे छापणाऱ्याचं चुकलंय का? आणि बासला माइक लावायचा की नाही?

---

खर्जातला

ताई, हळू वाजवूनही बास उघडला नाही, यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुमचा आवाज मोठा नाही, तुम्ही दोघं एकाच खोलीत, म्हणजे एकाच सप्तकात, बसला आहात.

मधला सी म्हणजे सी४ धरा. बासच्या उघड्या तारा ई१, ए१, डी२, जी२, म्हणजे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ. आता मेख अशी की बासची ओळ कागदावर एक सप्तक वर लिहितात. तुमच्या प्रतीत पियानोच्या वर जी सोलोची ओळ छापली आहे तीही बहुतेक अशीच वर लिहिलेली असणार. डोळ्यांना वाटतं की सोलो वर आहे आणि डावा हात खाली. कानाला प्रत्यक्षात सोलो डाव्या हाताच्या शेजारी, कधी कधी त्याच्याही खाली येतो. म्हणून पहिलं काम पियानोवर नाही, पेन्सिलनं करा. दर ओळीच्या सुरुवातीला सोलोचा खरा वाजणारा सूर सप्तकासकट लिहून ठेवा. हे केल्याशिवाय एकही स्वर काढू नका.

मग सोलो कुठे आहे ते पाहून ठरवायचं.

सोलो खाली, ई१ ते साधारण जी२ पर्यंत असेल तेव्हा पाया तोच आहे. डावा हात उचला. अगदी रिकामं वाटलं तर डाव्या हातातला एखादा स्वर सी४ च्या जवळ नेऊन उजव्याच्या कॉर्डमध्ये मिसळा. ऑक्टेव्ह (तोच स्वर दोन सप्तकांत एकत्र) तर अजिबात नको.

सोलो मध्ये, जी२ ते डी३ असेल ही सगळ्यात वाईट जागा, आणि एक्ल्सचा बराचसा भाग इथेच येईल. डाव्या हातात ऑक्टेव्ह छापली असेल तर वरचा स्वर गाळा, खालचा ठेवा, तोही आखूड. खालचा स्वर आणि सोलो यांत निदान पाचव्या सुराचं अंतर राहू द्या. उजवा हात सी४ च्या वर सरकवा. सी३ ते सी४ हे सप्तक मोकळं सोडायचं, कारण बासच्या मधल्या सुरांची धार, म्हणजे त्याचे उपस्वर (मूळ सुरासोबत निघणारे वरचे बारीक सूर), तिथेच ऐकू येतात. तुम्ही ते भरलंत की बासचा गुंजारव उरतो, शब्द जातो.

सोलो वर, अंगठ्याच्या पोझिशनमध्ये (डावा अंगठा तारेवर टेकवून वाजवतात ती वरची जागा) जी३ च्या पुढे गेला की उलट करा. तिथे बासचा आवाज बारीक आणि थोडा नाकातला होतो. डावा हात छापल्याप्रमाणे खाली ठेवायला हरकत नाही, फक्त एकेरी. उजव्या हाताचा कॉर्ड सोलोच्या सप्तकातून बाहेर काढून खाली, सी३ ते जी३ मध्ये, दोनच स्वरांचा ठेवा. वर नेऊन सोलोला झाकू नका.

सी३ च्या खाली एका वेळी एकच स्वर, हा नियम मात्र कुठेच मोडू नका. सी२ आणि ई२ यांत जेमतेम १७ हर्ट्झचा फरक आहे. इतके जवळचे दोन खर्ज एकत्र वाजले की कानाला दोन सूर नाही, घरघर ऐकू येते. तुमच्या रेकॉर्डिंगमधली घरघर हीच. त्यात बासचा तिसरा खर्ज मिसळला की संपलं. शिवाय खालचा सूर वरच्या सुराला जितका झाकतो तितका वरचा खालच्याला झाकत नाही. म्हणून हळू वाजवूनही डावा हात नडतो आणि उजवा हात बऱ्यापैकी मोठा ठेवला तरी चालतो.

आता यातला धोका. डावा हात सरसकट एक सप्तक वर नेला की झालं, असं पुष्कळ जण करतात. तसं केलं की कॉर्ड उलटतो. जी मायनरमध्ये डी मेजरचा कॉर्ड घ्या. डाव्या हातात डी२ आहे, सोलो ए२ वर येतो. तुम्ही डी२ चा डी३ केलात, आता सगळ्यात खालचा सूर सोलोचा ए२. कॉर्ड डी मेजरच राहिला, पण ए वर उभा राहिला. विश्रांतीच्या जागी तो लटकतो आणि ऐकणाऱ्याला काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. इथे डी२ जागेवरच ठेवा, एकेरी.

आणि सोलो उघड्या ए१ वर गेला तर? त्याच्याखाली डी१ लागेल. तो अपराइटवर आहे, पण तिथे काहीच स्वच्छ वाजत नाही. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर तर तो नाहीच, त्याची सुरुवात सी२ पासून. अशा वेळी डावा हात उचला आणि उजव्यात एफ शार्पबरोबर सी घ्या. सातवा सूर मिसळला की ए वर उभा असलेला तोच कॉर्ड लटकत नाही, पुढच्या जी मायनरकडे ओढ घेतो. एक्ल्सच्या काळाच्या संगीतात हे बिनदिक्कत चालतं, डाव्या हाताची ओळ तेवढी लिहिलेली असायची, वरचे कॉर्ड तिच्यावरच्या आकड्यांवरून वाजवणाऱ्यानं भरायचेच होते.

'हत्ती'मध्ये स्वर बदलू नका. १८८६ ला सँ-साँसनं तो डबल बास आणि पियानो याच जोडीसाठी लिहिला. ई फ्लॅट मेजर, तीन-आठचा ताल. फक्त पहिली मात्रा आखूड ठेवा आणि उजवं, सूर धरून ठेवणारं पेडल जवळजवळ विसरा. नाव हत्ती आहे म्हणून पियानो जड करायचा मोह होतो. वजन सगळं बासचं आहे. पियानो हलका राहिला तरच त्यातली गंमत पोचते.

कुसेवित्स्कीचं वेगळं. तुमच्या कागदावर आहे तो पियानोसाठी लिहिलेला भाग नाही, ऑर्केस्ट्रा दोन हातांत कोंबलेला आहे. तिथे निर्धास्तपणे छाटा. डाव्या हातातला ट्रेमोलो (तेच स्वर भरभर थरथरवणं) काढून पहिल्या मात्रेवर एक स्वर आणि मग उजव्यात धरलेला कॉर्ड. दोन्ही हातांत तोच स्वर दुप्पट असेल तर खालचा गाळा. सोलो थांबतो तिथे मात्र छापलेलं सगळं, पूर्ण ताकदीनं वाजवा. सगळीकडेच बारीक वाजवलं की ऐकणाऱ्याला ऑर्केस्ट्रा कधी आलाच नाही असं वाटतं.

---

गजकर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. छापणाऱ्याचं चुकलेलं नाही.

बास दोन पद्धतींनी लावतात. एक नेहमीची, ऑर्केस्ट्राची: ई-ए-डी-जी. दुसरी सोलोची, चारही तारा एक पूर्ण सूर वर: एफ शार्प-बी-ई-ए. सोलोच्या लावणीतही वाजवणारा कागद नेहमीचाच वाचतो, बोटं तीच पडतात, फक्त निघणारा सूर एक स्वर वर असतो. कुसेवित्स्की स्वतः बास वाजवायचा, त्याची कन्चेर्टो सोलोच्या लावणीत एफ शार्प मायनरमध्ये वाजते, म्हणून बासच्या कागदावर ई मायनर. तुमचे दोन कागद सोलोच्या लावणीसाठी बरोबर जुळतात. त्यांनी बास नेहमीचा लावला तर मात्र तुम्हाला ई मायनरची पियानोची प्रत लागेल. तशा प्रती मिळतात.

खरी अडचण पुढे आहे. 'हत्ती' हा नेहमीच्या लावणीसाठी लिहिलेला भाग, त्यात ई फ्लॅट वाजतो. सोलोच्या लावणीत त्यांनी तोच कागद वाचला तर एफ मेजर वाजेल. एक्ल्सही जी मायनरऐवजी ए मायनर होईल. म्हणजे अख्खा कार्यक्रम एकाच लावणीत बसवायला हवा. मध्येच लावणी बदलायचा विचारही नको. एक पूर्ण सूर चढवला की तारेचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो. तार बसायला वेळ लागतो, तोवर प्रत्येक ओळीत सूर घसरतो. एप्रिलमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की जुन्या बासच्या कडेचे जोड आधीच सुटायला टेकलेले असतात. त्यात घोडीवर (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पुलावर) एवढा दाब वाढवणं म्हणजे वाद्याशी वैर.

म्हणून आजच त्यांना फोन करून एवढंच विचारा: तारा सोलोच्या चढवल्या आहेत की ऑर्केस्ट्राच्या?

ऑर्केस्ट्राच्या असतील तर सरळ काम. एक्ल्स जी मायनर, 'हत्ती' ई फ्लॅट आणि तुम्ही कुसेवित्स्कीची ई मायनरची प्रत मिळवा. सोलोच्या तारा असतील तर त्या एक सूर उतरवून, वर तुमच्या पियानोसाठी आणखी ३० सेंट उतरवल्या तर ताण जवळजवळ चौथा हिस्सा कमी होतो. तार ढिली पडते, गज तिच्यात रुतत नाही, खालचे सूर उशिरा आणि खरखरत निघतात. मग त्यांना सोलोच्याच लावणीत राहू द्या आणि तुम्ही एक्ल्स ए मायनर, 'हत्ती' एफ मेजर वाजवा. 'हत्ती' एफमध्ये बोटांना सोपाच पडतो. कीबोर्ड असेल तर ट्रान्स्पोज अधिक दोन केलं की झालं. फक्त कुसेवित्स्कीआधी ते शून्यावर आणायचं हे कागदावर लाल पेननं लिहा.

पियानो ४४० वर ओढून घ्यायच्या भानगडीत या कार्यक्रमापुरतं पडू नका. इतक्या वर्षांचा खाली बसलेला पियानो एका बैठकीत ३० सेंट वर नेला तर तो टिकत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा लावावा लागतो, जुन्या तारा तुटतात त्या वेगळ्या. तो आहे त्याच पट्टीत आतल्या आत सारखा करून घ्या आणि तेही कार्यक्रमाच्या आठवड्यात. उन्हाळ्यात साउंडबोर्ड सुकून पियानो खाली उतरतो, पावसाळ्यात फुगून वर चढतो, आणि मधली सप्तकं खर्जापेक्षा जास्त हलतात. फेब्रुवारीत लावलेला पियानो एप्रिलमध्ये स्वतःशीच बेसूर असतो.

सूर देताना खालचा ए देऊ नका. छोट्या अपराइटच्या खर्जाच्या तारा आखूड आणि जाड असतात, त्यांचे उपस्वर वर सरकलेले असतात, त्यावर बास लावला तर वरच्या जागी दोघं भांडतात. ए३ द्या, म्हणजे ए४ च्या खालचा. ए तारेचा चौथा उपस्वर आणि डी तारेचा तिसरा उपस्वर दोन्ही तिथेच येतात (५५ चौक २२०, ७३.४ त्रिक २२०), त्यामुळे वाजवणाऱ्याला दोन तारा एकाच सुरावर तपासता येतात. सोलोची लावणी असेल तर याच कारणासाठी बी३ द्या.

आणखी एक. खालच्या तारेवर गज ठेवल्यापासून सूर पूर्ण उघडायला क्षणभर लागतो. तुम्ही ठोक्यावर कॉर्ड टाकला की तुम्ही पुढे आणि ते मागे असं ऐकू येतं, आणि दोष नेहमी बासला मिळतो. त्यांचा गज नाही, त्यांचा सूर उघडताना ऐका आणि कॉर्ड तिथे ठेवा.

---

बिछायतवाला_भाऊ (दारव्हा, जि. यवतमाळ)

ताई, माइकाचं मी सांगतो. आपलं कामच साउंडचं हाये.

पन्नास बाय पंचवीसच्या हॉलात दोनशे माणसं असतील तर अपराइटसंगं बासले माइक लागत नाई, खर्जातलाभाऊंनी सांगितलं तसं वाजवलं तर. आधी फुकटचे उपाय करा. अपराइटचा साउंडबोर्ड मागं असतो. तो भिंतीले चिकटून ठेवला की भिंत खर्ज वाढवून देते. दीड फूट पुढं ओढा आन् मधात जाड सतरंजी नाही तं गोधडी लटकवा. वरचं झाकण बंदच ठेवा. डावं पेडल दाबून वाजवलं तर हातोड्या तारांजवळ येतात, आवाज कमी होते पण रंग तितका बदलत नाई. मधलं पेडल फेल्टचं असेल तर ते नका लावू, साथ घोंगडीखाली गेल्यावानी वाटते.

बासवाल्यांची जागा पोकळ स्टेजवरच. बासच्या खालचा जो खिळा असतो तो लाकडावर टेकला की स्टेजची फळी बी संगं वाजते, आवाज फुकटात वाढते. पण एखादा सूर, बहुतेक ए नाही तं जी, भलताच घुमाले लागला तर त्या खिळ्याखाली फरशीचा तुकडा आन् त्यावर रबर ठेवा. खाली नुसत्या शहाबादी फरशीवर बसवू नका, खिळा घसरते.

आता समजा कीबोर्डच वापरला, मंग स्पीकर आले. तवा गोष्ट बदलते. बासले पिकअप (वाद्याले चिकटवलेला छोटा माइक) असेल तर त्याची वायर डायरेक्ट मिक्सरच्या लाइनमधी खुपसू नका. पिझो पिकअपले निदान एक मेगाओमचा इनपुट लागतो, आपल्याकडच्या मिक्सरची लाइन त्याच्या कितीतरी खाली असते. मंग आवाज पातळ, पत्र्यावानी निघते आन् साउंडवाला बासचं बटन फिरवत बसते. मधात प्रीॲम्प नाही तं ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (पिकअपचा सिग्नल मिक्सरजोगा करनारा डबा) पाह्यजेच. तो बासवाल्यांले आणाले सांगा, गावात भेटनार नाई.

मिक्सरवर कीबोर्डच्या चॅनलचा खर्ज कापा, १०० ते १२० हर्ट्झच्या खालचा. बासच्या चॅनलचा नका कापू, फक्त ४० च्या खालचा गडगडाट काढा. आपले साउंडवाले डीजेच्या सवयीनं मेनवरच खर्ज चढवून ठेवतात. तालमीआधी स्वतः पाहून मेन सरळ करून घ्या. बास स्पीकरच्या पुढं उभा करू नका, त्याचं पोट म्हंजे मोठा माइकच असते, फीडबॅक खर्जातून येते आन् टिनाचं छप्पर ते धरून ठेवते. तालमीत हॉल रिकामा असते तवा जेवढं घुमते त्याच्या निम्मं बी माणसं बसल्यावर घुमत नाई. म्हून रिकाम्या हॉलात थोडं जास्त घुमलं तरी घाबरू नका.

एप्रिलमधी पंखे लागतीलच. कागदाले कपड्याचे चिमटे लावा.

---

पांढरी_चार

सगळ्यांचे मनापासून आभार. फोन केला: तारा ऑर्केस्ट्राच्या आहेत, म्हणजे नेहमीची लावणी पक्की. कुसेवित्स्कीची ई मायनरची प्रत त्यांच्याकडेच निघाली.

एक्ल्सच्या पहिल्या भागावर पेन्सिल फिरवली. डाव्या हातातल्या जवळजवळ सगळ्या ऑक्टेव्ह गेल्या. कालच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक सूर ऐकू येतो. पण दोन शंका आहेत. ऑक्टेव्ह काढल्यावर जोडून वाजवायला मी पेडल जास्त वापरायला लागले आहे, ते बरोबर का? आणि भजनाला पियानो घेऊ की पेटी? आमच्या भजनी मंडळात पेटी आणि खंजिरी दोन्ही उत्तम वाजवणारे आहेत.

---

खर्जातला

पेडलनं तुम्ही काढलेलं सगळं परत आणताय. सोलो खाली असताना पेडल दाबलं की तुम्ही न वाजवलेल्या खर्जाच्या ताराही त्याच्या आवाजानं थरथरतात. बोटांनी जोडा, डावा हात एकेरी झाल्यामुळे ते आता जमतं. पेडल फक्त उजव्याचा कॉर्ड बदलताना, अर्धं, आणि सोलोचा पुढचा सूर लागायच्या आत वर. सोलो अंगठ्याच्या पोझिशनमध्ये असेल तिथे मात्र पूर्ण पेडल चालेल, उलट तिथे त्या बारीक आवाजाला आधार मिळतो.

---

मंद्रपेटी (तिवसा, जि. अमरावती)

भजनाला पेटीच घ्या. तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या पट्ट्यात खंजिरी-भजनावर वाढलेल्या लोकांना पियानोवरची भैरवी ऐकवण्यात अर्थ नाही. पण पेटीलाही खर्जातलांचाच नियम लागू आहे, जास्त कडक. पियानोचा सूर वाजला की विरत जातो आणि बासला जागा मिळते. पेटीचा सूर भाता चालू असेपर्यंत तसाच उभा.

सा पांढरी दोन, म्हणजे डी. बासला सा आणि प दोन्ही उघड्या तारांवर मिळतात, वाद्य आपोआप गुंजतं. पेटीत खर्जाचे रीड बंद, फक्त नर (मधल्या सप्तकाचे रीड) उघडा, कपलर (एका पट्टीसोबत दुसऱ्या सप्तकातली पट्टी दाबणारी सोय) काढलेला. गजानं मींड चालू असताना पेटीवर सा आणि प, एवढंच, मधल्या किंवा तार सप्तकात. कोमल रे, कोमल ग, कोमल ध पेटीत धरायचे नाहीत. पेटीचा कोमल स्वर आपल्या जागी पक्का असतो, बासवर तो हलत येतो, दोन्ही एकत्र आले की बासवालाच बेसूर वाटतो. चालीची नक्कल मागोमाग करायची सवय पेटीवाल्याला असते, ती इथे आवरायची. ओळ संपताना शेवटचे दोन स्वर उचलायचे आणि मुखड्याला पूर्ण साथ.

तालाला खंजिरीच, डग्गा नको. डग्ग्याचा घुमारा बासच्या मधल्या तारांच्याच जागी येतो. खंजिरीची चामडी उंच बोलते, झांजा त्याहून वर, खाली सगळं बासला मोकळं राहतं. ठेका सुरुवातीला निम्म्या बोलांचा ठेवा, चढ्या लयीत गेल्यावर भरा.

---

गजकर

मंद्रपेटी, सगळं बरोबर, एक गोष्ट सुटली. पियानो ४३२ वर आहे आणि पेटी बहुधा ४४० च्या आसपास. पियानोसाठी ३० सेंट उतरवलेला बास घेऊन भजनाला बसले तर उघडा सा आणि पेटीचा सा सरळ लढतील, आणि पेटी काही जागेवर लावता येत नाही. ताई, आधी ॲपवर पेटीचा पांढरी दोन तपासा.

फरक निघाला तर भजन शेवटीच ठेवा, आहे तसं. ३० सेंट वर जाताना ताण साडेतीन टक्केच वाढतो, तार पूर्ण सुरासारखी घसरत बसत नाही. कुसेवित्स्कीच्या टाळ्यांनंतर निवेदकाला दोन मिनिटं बोलू द्या. तेवढ्यात पेटीवाल्यांनी ए३ धरून ठेवायचा, बास आधी ए आणि डी लावून घेईल, मग जी आणि ई. चारही तारा एकदा लावून झाल्या की पहिली परत तपासायची, कारण बाकीच्या तीन चढवल्यावर घोडीवरचा दाब वाढून ती किंचित उतरलेली असते.

---

पांढरी_चार

पेटी तपासली. 'पांढरी दोन' ही पट्टी चार सेंट वर दाखवते, म्हणजे ४४१ धरायला हरकत नाही. निवेदन लिहायला घेतलंय, पूर्ण दोन मिनिटांचं. सतरंजी शाळेच्या कोठीतून काढली, पियानो दीड फूट पुढे ओढला आहे. मागे भिंतीला पोपडे निघालेत, ते सतरंजीनं झाकले जातील. शनिवारी तीन वाजता पंखे लावून पूर्ण तालीम.